बूट पायाचा की किमतीचा?

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा बालरोगतज्ज्ञाकडून अपेक्षित असलेले नेहमीचे विषय माझ्याही मनात येऊन गेले. लसीकरण, मुलांमधील स्थूलता, मोबाइलचे व्यसन. हे सारे विषय महत्त्वाचेच आहेत. तथापि, या वर्षी मी बुटांविषयी लिहिणार आहे: डोंगर चढण्यासाठी आयुष्यात प्रथमच घ्यावयाच्या, आणि बेताच्या पैशांत घ्यावयाच्या बुटांविषयी. वैद्यकीय स्मरणिकेला हा विषय काहीसा हलका वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु तो माझ्यापर्यंत ज्या वाटेने आला, ती वाट आपणा सर्व डॉक्टरांच्या टेबलावरूनच जाते. म्हणून आधी ती हकीकत सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातील गोष्ट. लश्करातील एका जुन्या मराठी कुटुंबातील आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. या मुलाचे सारे लसीकरण माझ्याच हातून झालेले. शाळेचे उन्हाळी पदभ्रमण शिबिर हिमाचलमध्ये जाणार होते आणि त्यासाठी प्रकृती उत्तम असल्याचा दाखला हवा होता. मी मुलाला तपासले. हृदय, छाती, रक्तदाब, सारे व्यवस्थित. दम्याचा इतिहास नाही. मी सही करणार, इतक्यात आईने मुलाला बाहेर बसायला सांगितले आणि दार लोटून घेत ती म्हणाली, "डॉक्टरबाई, त्याला जाता येणार नाही, असं लिहून द्याल का? छातीत काहीतरी आहे, असं काहीही लिहा."

तीस वर्षांच्या व्यवसायात खोटे दाखले मागणारे पुष्कळ भेटले. बहुतेकांना रजा हवी असते. पण धडधाकट मुलाला आजारी ठरवा, ही विनंती मला नवीन होती. थोडे विचारल्यावर तिने पिशवीतून शाळेचे पत्रक काढले. सोबत आणावयाच्या वस्तूंच्या यादीत चौथ्या क्रमांकावर लिहिले होते: घोट्याच्या वर येणारे, जलरोधक, नामांकित कंपनीचे ट्रेकिंग शूज अनिवार्य. दुकानात तशा जोडाची किंमत साडेसहा हजार रुपये सांगितली होती. "शिबिराची फी त्याच्या मामानं भरली आहे. आता बुटांचं परत त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? मी नाही म्हटलं तर तो रुसेल. तुम्ही नाही म्हटलंत तर ऐकेल."

त्या दिवशी मी तिला काय उत्तर दिले, ते शेवटी सांगेन. मात्र त्या यादीतील चौथा क्रमांक माझ्या डोक्यातून जाईना. ही अट कोणत्या वैद्यकीय आधारावर उभी आहे, ते शोधण्यासाठी मी जे वाचले आणि त्यापूर्वी स्वतःच्या पायांनी जे भोगले, त्यावरून माझे एक स्पष्ट मत बनले आहे. नवशिक्याचा पहिला बूट पायाच्या मापावरून आणि जावयाच्या वाटेवरून ठरवावा. किंमत, कंपनीचे नाव आणि घोट्याची उंची या गोष्टी त्यानंतर येतात. आणि केवळ बुटांच्या किमतीमुळे एखादे मूल डोंगरापासून दूर राहत असेल, तर त्यात आपल्या सहीचा वाटा नसावा.

माझा स्वतःचा धडा

उपदेश करण्याआधी स्वतःची फजिती सांगणे न्याय्य ठरेल. २०१६ च्या डिसेंबरात पुण्याच्या नातेवाइकांबरोबर हरिश्चंद्रगडावर जाण्याचा बेत ठरला. वाट पाचनईची, म्हणजे त्या गडाच्या वाटांपैकी सोपी. मी ग्वाल्हेरहून साध्या चपलांनी गेलेली. तेव्हा भावाने माळ्यावरून एक जोड काढून दिला. महागडा, परदेशी, जेमतेम चार वेळा वापरलेला आणि गेली कित्येक वर्षे खोक्यात जपून ठेवलेला. दिसायला कोरा करकरीत. माप एक अंकाने मोठे होते, पण "दोन मोजे घाल, बसेल", असे ठरले.

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत सारे ठीक होते. उतरताना पाय बुटात पुढे सरकू लागला आणि दोन्ही अंगठ्यांची नखे प्रत्येक पावलागणिक पुढे आपटू लागली. अर्ध्या वाटेत उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि जबडा वासल्यासारखा उघडझाप करू लागला. अखेरीस माझ्याच प्रथमोपचाराच्या पिशवीतील क्रेप बँडेजने बूट बांधून मी खाली आले. पुढे दोन्ही अंगठ्यांच्या नखांखाली रक्त साकळले आणि नखे काही महिन्यांनी गळून पडली.

बूट का तुटला, हे मला नंतर समजले. अनेक महागड्या बुटांच्या तळातील मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील आर्द्रतेशी त्याची हळूहळू रासायनिक प्रक्रिया होत राहते आणि काही वर्षांत तो आतून भुसभुशीत होतो. न वापरता बंद खोक्यात ठेवल्याने तो वाचत नाही. म्हणून कोणाचा जुना जोड उसना घेताना तो हातात धरून जोरात वाकवावा, अंगठ्याने तळाचा थर दाबून पाहावा आणि किमान आठवडाभर गावात वापरून मगच डोंगरावर न्यावा. थोडक्यात, त्या दिवशी माझ्या पायांत महाग बूट होते. पण ते माझ्या पायांचे नव्हते.

महाग बूट म्हणजे सुरक्षित बूट का?

डोंगरातील बुटांचा इतिहास पाहिला, तर सुरक्षिततेचा मुख्य प्रश्न तळाचा होता, असे दिसते. १९३५ साली आल्प्समध्ये सहा इटालियन गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्या काळच्या बुटांचे तळ बर्फाळ खडकावर निरुपयोगी ठरले होते. त्यांच्या मित्रांपैकी एक असलेल्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून 'विब्रम' हा शब्द आला. १९५४ साली के-टू शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन पथकाच्या पायांत असेच तळ होते. आज खोल खाचांचा रबरी तळ ही मूठभर श्रीमंतांची वस्तू राहिलेली नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्या एका अख्ख्या पिढीने 'ॲक्शन ट्रेकिंग' या साध्या, स्वस्त देशी बुटांवर पावसाळी कातळ तुडवले, कारण त्याचे रबर ओल्या बेसाल्टला धरून राहत असे. डोंगराळ भागातील हमाल आणि वाटाडे कॅनव्हासच्या 'हंटर' बुटांवर ओझी वाहताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

१९५५ साली अमेरिकेतील एम्मा गेटवुड या सदुसष्ट वर्षांच्या आजीबाईंनी दोन हजार मैलांहून लांब असलेली ॲपलाचियन पायवाट एकटीने, एकाच हंगामात पूर्ण केली. त्यांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट होते. त्यांचे अनुकरण करा, असे मी सुचवीत नाही. कारण त्या आयुष्यभर शेतावर राबलेल्या होत्या आणि त्यांचे पाय तयार होते. परंतु महाग बूट नसेल तर डोंगर नाही, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

आता घोट्याच्या उंचीविषयी. उंच बूट घोटा मुरगळण्यापासून वाचवतो, हे आपण सारेच गृहीत धरतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत ६२२ बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटके बूट वाटून पाहण्यात आले. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. खेळाचे मैदान म्हणजे डोंगर नव्हे, ही मर्यादा मान्य करूनही, 'अनिवार्य' हा शब्द लिहिण्याइतका भक्कम पुरावा आपल्याकडे नाही, एवढे म्हणता येते. उलट बुटाच्या वजनाविषयीचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. पायांत घातलेले वजन हे पाठीवरील तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट ऊर्जा खर्च करवते. चाळीस किलोच्या मुलाच्या पायांत जड बूट चढवताना हा हिशेब ध्यानात ठेवलेला बरा.

जलरोधकतेचेही असेच. बर्फात आणि दवाने भिजलेल्या गवतात तिचा उपयोग आहे. पण सह्याद्रीतील आषाढात पाणी वरून, पायघोळीतून बुटात शिरते आणि मग जलरोधक बुटातून ते लवकर बाहेरही पडत नाही. तिथे लवकर निथळणारा आणि लवकर वाळणारा बूट सरस ठरतो.

याचा अर्थ भारी बुटांना काहीच स्थान नाही, असा नाही. अनेक दिवस बर्फातून चालणे असेल, पाठीवर मोठे ओझे असेल, सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून वाट असेल किंवा घोट्याला जुनी दुखापत असेल, तर उंच, ताठ आणि जलरोधक बूटच हवा. तिथे काटकसर करू नये; शक्य असल्यास तसे बूट भाड्याने घ्यावेत. पण ती गरज वाट पाहून ठरते. कळसूबाई, राजगड, पचमढीचा धूपगड किंवा देवदारांच्या रानातून जाणारी उन्हाळी शिबिराची पायवाट यांना ते सारे लागत नाही.

माप कसे घ्यावे

आपल्याकडे बूट विकत घेण्याची रीत अशी: दुकानदार विचारतो, "कितवा नंबर?" आपण दहा वर्षांपूर्वीचा नंबर सांगतो. वस्तुतः वयानुसार, वजन वाढल्याने आणि स्त्रियांमध्ये गरोदरपणानंतर पाऊल लांब-रुंद होते. शिवाय आपण ज्या ब्रिटिश किंवा युरोपीय क्रमांकांत बूट घेतो, ते आपल्या पावलांवरून ठरलेले नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली. भारतीय पाऊल सामान्यतः युरोपीय पावलापेक्षा रुंद असते, असे तीत आढळले आणि त्यावरून भारतीय मापांची 'भा' ही नवी पद्धत सुचविण्यात आली. रुंदीला कमी पडणारा बूट आपण लांबीचा पुढचा क्रमांक घेऊन सोडवतो. मग पाऊल पुढे-मागे सरकते आणि फोड येतात.

म्हणून क्रमांक विसरून पुढीलप्रमाणे करावे.

खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित सुजलेले असते आणि डोंगरावरही ते तसेच होणार असते. जे मोजे डोंगरावर घालणार, तेच घालून जावे. घरी भिंतीला टाच टेकवून, कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची खूण करावी. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाला बूट घ्यावा. सर्वांत लांब बोट नेहमी अंगठाच असते असे नाही. अनेकांचे दुसरे बोट लांब असते. त्या बोटापुढे सुमारे एक अंगठा रुंदीची जागा मोकळी राहावी. उतारावर माझ्या नखांचे जे झाले, ते टाळणारी हीच जागा होय.

नाडी नीट आवळून दुकानाच्या पायरीवर तोंड खाली करून उभे राहावे आणि हलकेच पाय पुढे आपटावा. बोटे टेकली तर तो बूट नको. सपाटीवर चालताना टाच बुटात सारखी उचलली जात असेल, तरीही नको. चवड्याच्या दोन्ही बाजूंना दाब जाणवत असेल, तर "वापरून सैल होईल" या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. बूट हातात घेऊन वाकवला असता तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. शेवटी तळाच्या खाचा पाहाव्यात आणि रबरावर नख दाबून पाहावे. दगडासारखे टणक, चकचकीत प्लास्टिक ओल्या खडकावर घसरते. दुकानातून निघण्यापूर्वी निदान दहा मिनिटे बूट घालून फिरावे. दुकानदाराचा चेहरा त्रासिक झाला तरी चालेल.

मुलांच्या पायांविषयी

बालरोगतज्ज्ञ म्हणून येथे दोन शब्द अधिक बोलते. "वाढत्या अंगाचा आहे" म्हणून दोन अंक मोठे बूट घेण्याची आपली प्रथा शाळेच्या बुटांत एक वेळ खपून जाते, डोंगरात नाही. वर सांगितलेल्या मोजणीत मुलींच्या पावलाची लांबी अकराव्या वर्षाच्या आसपास, तर मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी पूर्ण वाढते, असे दिसले. याचाच अर्थ तेरा वर्षांच्या मुलाचा बूट एका हंगामापुरताच असतो. साडेसहा हजारांचा जोड पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पायांत शिरणारही नाही.

दुसरे, मुलाच्या पावलाला भक्कम, ताठ बुटाचा 'आधार' हवाच, ही समजूत. मणिपालच्या राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९९२ मध्ये २३०० मुलांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के होते. बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. यावरून मुलांना डोंगरावर अनवाणी पाठवावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. काटे, काचा आणि धनुर्वात यांची काळजी आहेच. परंतु निरोगी मुलाच्या पावलाला बुटाकडून संरक्षण आणि पकड हवी असते. त्यापलीकडचा आधार त्याचे स्वतःचे स्नायू देतात.

पैशांची वाटणी

हाती दोन हजार रुपये आहेत, असे धरू. ते सारे बुटांवर घालवणे ही नवशिक्याची पहिली चूक. माझ्या मते तेराशे ते पंधराशे रुपयांचा, चांगल्या रबरी खाचांचा, हलका बूट घ्यावा. तीन-चारशे रुपयांत कृत्रिम धाग्याच्या किंवा लोकरमिश्रित मोज्यांचे दोन जोड घ्यावेत. उरलेल्यात नखे कापण्याचे साधन आणि मायक्रोपोअर पट्टीचे एक वेटोळे. पदभ्रमणाच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या दुकानांतही या किमतीत नवशिक्यांसाठीचे जोड असतात आणि आपल्या बाड्याच्या परिसरातील जुन्या दुकानांतही मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पाच टक्के आणि त्यावरील किमतीच्या जोडांवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. बेताच्या खर्चात बसणाऱ्यांना हाही एक दिलासा.

मोज्यांवर एवढा भर का? फोड येतो तो घर्षण आणि ओलावा यांच्या युतीने. सुती मोजा घाम शोषून तो पायालगत धरून ठेवतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका दुहेरी-अंध चाचणीत लांब पल्ल्याच्या धावपटूंना सुती मोज्यांपेक्षा ॲक्रिलिक मोज्यांत कमी आणि लहान फोड आले. आपल्या प्रत्येकाच्या कपाटात असलेली कागदी चिकटपट्टी तर याहून स्वस्त उपाय आहे. अमेरिकेतील लिपमन आणि सहकाऱ्यांनी बहुदिवसीय धावशर्यतींतील १२८ स्पर्धकांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच लावलेल्या या पट्टीने फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. त्याच गटाच्या पूर्वीच्या, लहान चाचणीत फायदा दिसला नव्हता, हेही नमूद करते. पण वीस-तीस रुपयांच्या वेटोळ्यासाठी एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आपला किल्ला, आपली प्रयोगशाळा

ग्वाल्हेरकरांना एक भाग्य लाभले आहे, ज्याचा आपण पुरेसा उपयोग करीत नाही. घरापासून पाच-सहा किलोमीटरांवर सुमारे शंभर मीटर उंचीचा डोंगर आणि त्यावर किल्ला, असे वैभव किती शहरांना आहे? पाहुणे आले की आपण गाडीने उरवाई दरवाजातून वर जातो आणि मानमंदिर दाखवून परततो. नव्या बुटांची परीक्षा घ्यावयाची असेल, तर ग्वालियर दरवाजातून गुजरी महालाच्या बाजूने हाथी पोळीपर्यंत पायी चढावे. फरसबंद चढण, झिजलेला वालुकाश्म आणि परतीचा सलग उतार. टाच कुठे घासते, बोटे कुठे टेकतात, हे सारे या एका फेरीत कळते. उन्हाळ्यात मात्र सूर्योदयापूर्वी निघावे.

पहिले दोन-तीन दिवस बूट घरात, पुढचा आठवडा रोजच्या फिरण्यात आणि नंतर तीन-चार रविवार किल्ल्यावर, असा क्रम ठेवावा. परत आल्यावर पाय धुऊन लाल झालेली जागा शोधावी. तीच पुढे फोडाची जागा. पट्टी तिथे लावावी. चालताना एखादी जागा चुरचुरू लागली, तर पुढच्या मुक्कामापर्यंत कळ न काढता तिथल्या तिथे थांबून बूट काढावा. मागे राहू, लोक हसतील, या संकोचाने माणसे फोड वाढवून घेतात.

येथे मधुमेही वाचकांना एक कळकळीची सूचना. पन्नाशीनंतर पदभ्रमणाला सुरुवात करणारे आपल्या समाजात वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना बूट चावतो हे कळतच नाही. अशांनी आधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना आणि नाडी तपासून घ्यावी. नवा बूट सुरुवातीला एखाद्या तासापेक्षा अधिक वापरू नये. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना, ते पाहावे आणि रोज रात्री आरशाच्या साहाय्याने तळवे पाहावेत. त्यांच्या बाबतीत किमतीची घासाघीस हा विषय दुय्यम आहे.

कोणी म्हणेल, "एवढा शास्त्रार्थ कशाला? आपले पूर्वज वहाणा घालून गड चढत होते." खरे आहे. पण ते रोज चालत होते. त्यांच्या तळव्यांची कातडी आणि घोट्यांचे स्नायू रोजच्या चालण्याने घडलेले होते. आपण दवाखान्यातून गाडीत आणि गाडीतून घरात जाणारी माणसे आहोत. कोल्हापुरी वहाण मला अत्यंत प्रिय आहे, पण ओल्या कातळावर चामड्याचा गुळगुळीत तळ पाय घसरवतो. पूर्वजांचे नाव घ्यायचे असेल, तर त्यांच्या चालण्याचे घ्यावे.

पुन्हा त्या मुलाकडे

त्या आईला मी खोटा दाखला दिला नाही. मुलाला आत बोलावून त्याच्या देखतच 'प्रकृती उत्तम' असे लिहून सही केली. त्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या: या वाटेसाठी योग्य मापाचे, खाचांच्या रबरी तळाचे हलके बूट वैद्यकीय दृष्ट्या पुरेसे आहेत, उंची व कंपनीची अट आवश्यक नाही. शाळेने ते मान्य केले. कदाचित कोणीतरी लिहून दिल्याचीच त्यांना गरज असावी. त्याच आठवड्यात संध्याकाळी मायलेक बाड्यावर जाऊन तेराशे पन्नास रुपयांचा जोड घेऊन आले आणि दाखवायला दवाखान्यात थांबले. मी त्याला पायरीवर उभे करून पाय आपटायला लावला. एप्रिलमधील चार रविवार तो वडिलांबरोबर किल्ला चढला. जूनमध्ये परत आल्यावर त्याने पाय पुढे करून दाखवले. डाव्या करंगळीवर एक वाळलेला फोड होता आणि त्याचा त्याला काहीसा अभिमानही होता.

गोष्ट येथे संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. यंदाच्या मार्चमध्ये दुसऱ्या एका मुलाबरोबर तेच पत्रक माझ्या टेबलावर आले. चौथ्या क्रमांकावर तीच ओळ, तशीच्या तशी. मग मनात आले, गेल्या इतक्या वर्षांत अशा किती अर्जांवर मी ती यादी न वाचताच सही केली असेल? आणि किती आयांनी दार लोटण्याचे धाडस न करता, घरीच काहीतरी कारण सांगून मुलाला थांबवले असेल? ते आकडे कोणत्याच नोंदवहीत सापडणार नाहीत.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना दोन सूचना करते. एक, शिबिराच्या दाखल्यावर सही करताना सोबतची वस्तूंची यादी अवश्य वाचावी. जी अट वाटेला साजेशी नाही, तिच्यासमोर आपले मत लेखी द्यावे. जिथे बर्फ आहे, तिथे चांगल्या बुटांचा आग्रहही तितक्याच स्पष्टपणे धरावा आणि ते शाळेने भाड्याने मिळवून द्यावेत, असे सुचवावे. दोन, एका हंगामात लहान झालेले, पण सुस्थितीतील मुलांचे बूट आपल्या संस्थेने दरवर्षी एप्रिलपूर्वी गोळा करावेत. आतील तळपट्टी बदलून, चार दिवस वाळवून, तळ वाकवून तपासून ते गरजू मुलांच्या मापाप्रमाणे द्यावेत. तपासणीची जबाबदारी मी आनंदाने घेईन. सुटलेला तळ कसा ओळखावा, याचे शिक्षण मला हरिश्चंद्रगडावर पुरेपूर मिळाले आहे.

आणि समाजातील पालकांना एवढीच विनंती, की बुटांचे पैसे नाहीत हे डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा मानू नये. मुलाच्या छातीत काहीतरी आहे असे लिहून मागण्यापेक्षा, खिशात किती आहेत ते सांगावे. तेवढ्यात काय बसते, ते आपण मिळून पाहू.